वरच्या आळीचं छप्पर

आमच्या चर्चला कुलूप लागलं तो गुरुवार होता. नगरपालिकेचा इंजिनिअर शिडीवरून खाली उतरला, आणि त्याने बाबांच्या तळहातावर ओल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ठेवलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"तुमची तुळई," तो म्हणाला.

बाबा सुतार. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस. चर्चचं छप्पर, बाकं, दारं-खिडक्या सगळ्यांचा कारभार त्यांच्याकडे. दरवर्षी शिडी लावून तुळयांवर हातोडीने टकटक करायचे आणि मंडळीला सांगायचे, "काळजी नको, नातवंडांनाही पुरेल." टकटक व्हायची ती मधोमध. कुज होती टोकांना, भिंतीत शिरलेल्या भागात, जिथे हातोडी पोचतच नाही. सहापैकी चार तुळया गेल्या होत्या. इंजिनिअरने दारावर नोटीस चिकटवली आणि बाबा घरी येऊन कोटासकट पलंगावर बसले.

"अहो, कोट तरी काढा," आई म्हणाली. "छप्पर चर्चचं गेलंय, आपलं आहे अजून."

बाबा हसले नाहीत. सुताराच्या डोक्यावरचं छप्पर कुजलं आणि ते दुसऱ्याने येऊन सांगितलं, याहून मोठी नामुष्की त्यांना सुचत नव्हती.

आमचं शहर उतारावर वसलेलं. वरच्या आळीत आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. खालच्या आळीत, मासळीच्या कारखान्याच्या मागे, समुद्रापलीकडून पोटापाण्यासाठी आलेली माणसं. काळ्या रंगाची, वेगळ्या बोलीची. आम्ही त्यांना 'खालचे' म्हणायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. तेही ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती. पण रविवारी ते एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये जमायचे आणि आम्ही दगडी चर्चमध्ये. पाणी उताराने वाहतं तसं हे आपोआप झालं असणार, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, सोय!

शनिवारी आमचे पाळक एक पत्र घेऊन घरी आले. खालच्या मंडळीकडून होतं, आमच्याच भाषेत, एकेक अक्षर जपून काढलेलं. 'तुमच्या चर्चला कुलूप लागल्याचं कळलं. आमच्याकडे जागा आहे. खुर्च्या कमी पडल्या तर आम्ही उभे राहू. दहा वाजता या.'

बाबांनी पत्राखालची त्या मंडळीची सही वाचली आणि हात भाजल्यासारखं पत्र टेबलावर टाकलं.

"मी जाणार नाही."

"का हो?" पाळकांनी विचारलं.

"गुडघा दुखतोय."

"शिडीवर चढताना नाही दुखत," आई म्हणाली. "उपासनेला जायचं म्हटलं की बरा दुखतो."

पण बाबा उठून मागच्या अंगणात निघून गेले.

त्या रविवारी आमच्या मंडळीतले एकोणीस जण खाली गेले. त्यांत मी होते. खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा कुतूहल जास्त. गॅरेजची जमीन घासून घासून पांढरी केलेली, तरी तेलाचे जुने डाग दिसत होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः अडीच तास भिंतीला टेकून उभे राहिले. गाणी मला कळली नाहीत. पण माझ्या मागे उभी असलेली एक म्हातारी इतक्या जोरात गात होती, की माझ्या खुर्चीची पाठ थरथरत होती.

उपासनेनंतर एक बाई चहा घेऊन माझ्याकडे आली. पंचावन्नची असेल. उंच, सावकाश बोलणारी. हातांची कातडी जागोजागी सोललेली.

"तुम्ही दवाखान्यात रक्त तपासता ना? तिसऱ्या मजल्यावर?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या कोटाच्या डाव्या खिशाला नेहमी शाई लागलेली असते. मी तळघरातल्या धुलाईत आहे."

नऊ वर्षं माझा कोट त्या हातांतून धुऊन येत होता आणि मी कधी तळघराची पायरी उतरले नव्हते. तिथले सगळे तिला मावशी म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले, "मावशी, पत्र तुम्हीच लिहिलंत का?"

"मीच. तुमचे वडील नाही आले?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

तिने कपातला चहा उगाच हलवला. "एकदाच भेट झाली. चौदा वर्षांपूर्वी."

मग तिने सांगितलं. त्यांना या शहरात येऊन तीन आठवडे झाले होते. नवरा, ती आणि सहा वर्षांची मुलगी, तिघं जण चढ चढून आमच्या चर्चला गेले. दारात बाबा उभे होते. ते ओरडले नाहीत, धक्काबुक्की केली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या लोकांची उपासना खाली असते."

"आणि खाली तेव्हा काहीच नव्हतं," मावशी म्हणाली. "आम्ही अख्खी आळी धुंडाळली. माझा नवरा इतका भोळा, त्याला वाटलं आपणच पत्ता नीट ऐकला नाही. शेवटी आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात प्रार्थना केली. पुढच्या रविवारी सात झालो. मग अठरा. तुमच्या वडिलांनीच ही मंडळी सुरू केली म्हणा ना!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

मी चढ चढून घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पटाशीला धार लावत बसले होते.

"बाबा, चौदा वर्षांपूर्वी—"

"मुलीच्या पायात नवे बूट होते," बाबा म्हणाले. माझं वाक्य त्यांनी पुरं होऊच दिलं नाही. "नवऱ्याने टोपी काढून छातीशी धरली होती. बाईच्या हातात निळी पिशवी. मला सगळं आठवतं. दर रविवारी आठवतं."

"मग इतकी वर्षं का नाही गेलात त्यांच्याकडे?"

"लाज वाटली की माणसाला पळवाटा बऱ्या सापडतात. आधी म्हटलं, मंडळीतल्या लोकांना रुचलं नसतं म्हणून केलं. मग म्हटलं, त्यांना तिथेच बरं वाटत असेल. मग म्हटलं, आता जुनं कशाला उकरायचं."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. हा प्रकार तिलाही नवीन होता. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "उकरा," ती म्हणाली. "झाकून ठेवल्यावर काय होतं ते गुरुवारी हातात घेऊन पाहिलंत ना?"

सोमवारी बाबा माझ्याबरोबर दवाखान्यात आले. आम्ही तळघरात उतरलो. वाफेने भिंती घामेजल्या होत्या. सहा मोठाली मशिनं धडधडत होती आणि दहा-बारा बायका ओल्या चादरींचे गठ्ठे ओढत होत्या. मावशीने बाबांना पाहिलं आणि ओळखलं. हातातलं काम मात्र थांबवलं नाही.

बाबांनी टोपी काढली. ओठ हलले.

"ऐकू येत नाही!" मावशी म्हणाली. "मोठ्याने बोला, मशीन चालू आहे!"

माझे बाबा घरात कधी आवाज चढवून बोललेले नाहीत. त्यांनी श्वास घेतला आणि ओरडले, "मी तुम्हाला देवाच्या दारातून परत पाठवलं! खाली काही नाही, हे मला माहीत होतं! मी खोटं बोललो! तुमचा रंग बघून बोललो!"

बायकांचे हात थबकले. आणि नेमकं तेव्हाच एकेक करून मशिनांचा फेरा संपला. त्या अचानक पडलेल्या शांततेत बाबांचं उरलेलं वाक्य एकटंच ऐकू आलं. "मला माफ करा, बाई."

मावशीने गठ्ठ्यातून एक चादर ओढली. "दुसरं टोक धरा," ती म्हणाली. बाबांनी धरलं. दोघांनी त्या चादरीची घडी घातली, मग दुसरीची, मग तिसरीची. चौथ्या चादरीला ती बोलली.

"माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. हे त्याने ऐकायला हवं होतं."

"हो," बाबा म्हणाले.

"मी ऐकलं. पण माफ केलं असं आज म्हणणार नाही. प्रभू म्हणायला सांगतो ते मला ठाऊक आहे. रोज त्याच्याशी भांडते त्यावरून. म्हणेन तेव्हा खरं म्हणेन."

"हो."

"आणि एक गोष्ट. त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हता, पण तो तुमच्या खांद्यावरून आत बघत होता. वर, छताकडे. उतार उतरताना मला म्हणाला, भिंतीत पाणी मुरतंय, दहा-पंधरा वर्षांत तुळयांची टोकं जातील. तो आमच्याकडे लाकडी जहाजं बांधायचा. तुम्ही आत घेतलं असतं तर उपासना संपल्यावर त्याने सांगितलं असतं."

बाबा कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसले. मला वाटलं, आता यांना उचलूनच घरी न्यावं लागणार. मावशीने त्यांना बसू दिलं. दोन चादरींच्या घड्या एकटीनेच केल्या आणि म्हणाली, "माझा दीर कारखान्यात पेट्या उचलतो. दोघा भावांनी मिळून सतरा जहाजं बांधली होती. त्याला नेऊन दाखवा. भांडण आपलं आहे, छपराचं नाही."

दीर आला. बाबांपेक्षा नऊ वर्षांनी लहान, ठेंगणा, दणकट, आणि आमच्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येणारा. त्यातल्या निम्म्या कारखान्यात शिकलेल्या शिव्या. तो शिडीवर चढला, भिंतीचे दोन दगड काढून हात खांद्यापर्यंत आत घातला आणि खाली येऊन चर्चच्या अंगणातल्या मातीत काडीने चित्र काढलं. तीस फुटी नवी तुळई आता कुठेच मिळत नव्हती. इंजिनिअर म्हणत होता, छप्पर पाडून पत्रे घाला. दिराचं म्हणणं वेगळं होतं. कुजलेलं टोक कापायचं, तिथे नवं लाकूड लांब तिरप्या सांध्याने बसवायचं. जहाजाचा कणा असाच जोडतात, आणि तो समुद्राचा मार खातो.

मंडळीची सभा शाळेच्या वर्गात भरली. निवृत्त हेडमास्तर उठले. अर्ध्या आळीला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे ते उठले की बाकीचे आपोआप सरळ बसायचे. "आपल्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या छपराला त्या लोकांचे हात लावायचे?" त्यांनी विचारलं. चार-सहा माना डोलल्या.

बाबा उठले. त्यांनी तळघरातलं सगळं सांगितलं, दारातलंही सगळं. "गुरुजी," शेवटी ते म्हणाले, "त्या माणसाने बाहेर उभं राहून, मी अपमान करत असताना, आपलं छप्पर ओळखलं. मी आत राहून चौदा वर्षं चुकीच्या जागी टकटक केली. हात त्यांचे नकोत, तर माझेही नकोत."

कोणीतरी मागून म्हणालं, "मग लागा कामाला!" हेडमास्तर छत्री उचलून निघून गेले.

काम अकरा आठवडे चाललं. पहिला आठवडा तर नुसता भांडणाचा. बाबांनी आपल्या पद्धतीने एक सांधा केला, वर लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि अभिमानाने बाजूला झाले. दिराने त्यावर एक लाथ घातली. सांधा उघडला.

"ना," तो म्हणाला.

बाबा तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तसेही ते कुठल्या भाषेत बोलणार होते, हा प्रश्नच होता. चौथ्या दिवशी दिराचा सांधा तयार झाला. बाबांनी एका बाजूने दिवा धरला आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला. प्रकाशाचा केसही आरपार आला नाही. ते बराच वेळ तिथे ओणवे राहिले. मग ताठ झाले आणि चाळीस वर्षांत कोणाला न म्हटलेला शब्द म्हणाले: "उस्ताद!"

तेव्हापासून दोन्ही आळ्यांत त्याचं नाव उस्तादच पडलं. बाबा त्याच्याकडून सांधा शिकले, आणि उस्ताद बाबांकडून आमच्या भिंतींचे लाड. बाबांना त्यांच्या भाषेत 'वर', 'खाली', 'थांब' आणि 'गाढवा' म्हणता यायला लागलं. आई दुपारी दोघांचं जेवण घेऊन जायची आणि येऊन सांगायची, "एक शब्द कळत नाही एकमेकांचा, आणि तोंडं मात्र बंद नाहीत."

खाली उतरवून सांधलेल्या तुळया पुन्हा वर चढवायचा दिवस शनिवार ठरला. आमच्या बोळात क्रेन शिरत नाही. तेव्हा कप्प्या, दोर आणि माणसं. दोन दोर होते, तुळईच्या प्रत्येक टोकाला एक. वरच्या आळीतले आपोआप डाव्या दोराला लागले, खालचे उजव्या. कोणी सांगितलं नव्हतं; खोड जात नाही ती अशी.

"ओढा!" बाबा ओरडले. उस्तादही ओरडला, आपल्या भाषेत. उजवा दोर सरसर गेला, डावा रेंगाळला. ती अजस्र तुळई डोक्यांवर पंधरा फुटांवर तिरकी झाली, एका बाजूने झुलायला लागली आणि भिंतीला धडकून दगडाचा चुरा खाली आला. बायका किंचाळल्या. बाबा एक सांगत होते, उस्ताद दुसरं, आणि दोन्ही बाजूंना निम्मंच कळत होतं.

"धरून ठेवा! कोणी सोडू नका!" मावशी बाकावर चढली होती. तिने ते दोन्ही भाषांत म्हटलं. हळूहळू, वीत वीत करत, तुळई पुन्हा जमिनीवर आली. सगळ्यांच्या छात्या भात्यासारख्या हलत होत्या.

"आता मिसळा," मावशी म्हणाली. "एक आमचा, एक तुमचा. दोन्ही दोरांवर. माझ्या धुलाईतल्या बायका पुढे येऊ द्या, ओलं वजन कसं ओढायचं ते त्यांना कळतं."

क्षणभर कोणी हललं नाही. मग बोळाच्या तोंडाशी उभे असलेले हेडमास्तर पुढे आले. ते आलेत हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, बाह्या दुमडल्या आणि उजव्या दोराला, गॅरेजमधल्या त्या जोरात गाणाऱ्या म्हातारीच्या मागे जाऊन उभे राहिले. "हं, सरका जरा," ते म्हणाले. म्हातारीने त्यांचा हात धरून दोरावर नीट जागी ठेवला, पाटीवर मुलाचा हात धरतात तसा.

मग सगळेच मिसळले. माझ्या पुढे मासळी उतरवणारा एक गडी, मागे आमच्या पाळकांची बायको. उस्ताद मचाणावर चढला आणि गायला लागला. जहाज पाण्यात लोटतानाचं गाणं होतं, मावशीने नंतर सांगितलं. प्रभूला हाक मारायची आणि ओढायचं. शब्द आम्हाला येत नव्हते. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब 'हो' यायचा, आणि 'हो' कोणाला येत नाही? दोनशे हातांनी तो 'हो' ओढला. तुळई उठली. सरळ, पाण्याच्या पातळीसारखी. माझे तळवे सोलत होते आणि मला हसू येत होतं. हेडमास्तर तर 'हो' चुकीच्या जागी म्हणत होते, पण सगळ्यांत मोठ्याने.

वर बाबांनी ओळंबा धरला. उस्तादने मोगरी उचलली. एक ठोका, दोन, आणि तिसऱ्याला तुळई भिंतीत आपल्या जागी बसली. तो आवाज आम्हाला पायांतून ऐकू आला.

संध्याकाळपर्यंत चारही तुळया चढल्या. शेवटची बसली तेव्हा मावशीने दोर सोडला आणि मचाणाखाली जाऊन वर पाहिलं.

"सुतारदादा!" तिने हाक मारली. "तुम्ही ओरडून बोलला होतात, म्हणून मीही ओरडून बोलते. माफ केलं! माझ्या वतीने आणि माझ्या नवऱ्याच्या वतीनेही. त्याचं मन मला ठाऊक आहे. आणि खरं म्हणतेय!"

बाबा तिथेच मचाणावर खाली बसले आणि ढसाढसा रडले. उस्तादला वाटलं तुळईला काही झालं. तो घाबरून सांध्यावरून हात फिरवायला लागला. मावशीने खालून त्याच्या भाषेत समजावलं, तेव्हा त्याने मोगरी बाजूला ठेवली आणि बाबांना असं कवटाळलं की दोघंही पडतात की काय, म्हणून खाली शंभर जणांनी हात वर केले.

इंजिनिअरने येऊन छपराला वजनं टांगून पाहिली, सांध्यांना आरशाने न्याहाळलं आणि नोटीस स्वतःच्या हाताने फाडली. दोन्ही मंडळ्यांची मिळून एक मंडळी व्हावी, यावर मतं घेतली. सगळ्यांना ते मानवलं असं नाही. वरची सात घरं दुसरीकडे गेली. खालच्याही काही म्हाताऱ्या म्हणाल्या, आमचं गॅरेजच बरं होतं. पण पहिल्या रविवारी दोनशे चौतीस माणसं आली. बाकं पुरली नाहीत, आणि या वेळी आम्ही उभे राहिलो. गीत एकच, पण ते दोन भाषांत एकाच वेळी गायलं. शब्द एकमेकांवर आदळले, ओळी मागेपुढे झाल्या, पेटीवाला घामाघूम झाला. तिसऱ्या कडव्याला मात्र कसं कोण जाणे, दोन्ही बाजू एका सुरावर येऊन पोचल्या, आणि मी आयुष्यात इतका मोठा आवाज माणसांच्या गळ्यातून निघालेला ऐकला नव्हता. रस्त्यावरून जाणारे थांबले. काही आतच आले.

पुढच्या वर्षी डोंगरापलीकडच्या एका गावातून निरोप आला, आमच्याही चर्चचं छप्पर बघाल का म्हणून. बाबा आणि उस्ताद हत्यारांची पेटी घेऊन ट्रकमध्ये बसून गेले. आई म्हणाली, "या वयात बरी पळून जायची हौस." तिथल्या पाळकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, एक गोरा, एक काळा, आणि विचारलं, "तुम्ही एकमेकांचे कोण?"

उस्तादने आमच्या भाषेत उत्तर दिलं. आता त्याला चाळीसपेक्षा पुष्कळ जास्त शब्द येतात. "भाऊ," तो म्हणाला. "हा धाकटा. सांधा माझ्याकडून शिकला."

बाबांनी मुळीच हरकत घेतली नाही.